जन्मगाव निपाणी

शहापूर,
मंगळवार, १४ फेब्रुवारी १९३९

कल्लू,

‘कुणीबी इचारलं तर निपाणी म्हणायचं.’ फार वर्षांपूर्वी आप्पा मला असं म्हणाले होते. का म्हणाले ते पुढे कधी तरी सांगेन. काल एकाने विचारलं, म्हणून आठवलं.

घाबरू नकोस. चौकशी तुझ्या पासपोर्टाचीच होती. जुलैत त्याची पाच वर्षं संपतात, ती वाढवून घ्यायला तू तिथल्या इंग्रज वकिलातीत अर्ज दिलास. तो अर्ज अमेरिकेतून मुंबईला आला, मुंबईहून बेळगावच्या कलेक्टर कचेरीत, आणि कचेरीतून एक फौजदार आमच्या शाळेत. घरी त्याला येता आलं नसतं. नाका ओलांडला की शहापूर, म्हणजे सांगली संस्थान. तिथे इंग्रजांच्या फौजदाराचा काय अधिकार? मी रोज नाका ओलांडून बेळगावात शिकवायला येते हे त्याला कुणी तरी सांगितलं असणार.

मधली सुट्टी होती. हेडबाई जयाबाई धावत वर्गात आल्या.

“राजाबाई, पोलीस आलाय. चौथीच्या पोरींना ते झेंड्याचं गाणं तुम्हीच शिकवलंत न्हवं?”

“मी कुठं? त्या घरनंच शिकून आल्यात.”

“मग तसं सांगू नका. काहीच सांगू नका. मी सांगते, आमच्या शाळेत गाणीच न्हाईत म्हणून.”

आणि पोलिसाने तुझं नाव घेतल्यावर बाईंचा जीव इतका भांड्यात पडला की त्यांनी त्याला चहा पाजला.

माणूस वयस्कर, धारवाडकडचा. मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायचा. म्हणाला, तुमच्या भावाने जन्मगाव निपाणी लिहिलंय, पण निपाणीच्या नोंदवहीत त्यांचं नाव सापडत नाही. प्लेगाचं साल होतं, त्या सालच्या कितीतरी नोंदी राहून गेल्या आहेत, म्हणून जन्माच्या वेळी हजर असलेल्या कुणाची तरी जबानी हवी. तुमच्याशिवाय हयात कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही. जे सांगायचं ते सांगितलं. त्याने लिहिलं, वाचून दाखवलं, मी सही केली. तो गेला.

तू समजावून लिहिलं होतंस ते मी आप्पांच्या जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर उतरवून ठेवलं आहे. पासपोर्ट चालू असेल तर तिथे राहायची परवानगी. परवानगी असेल तर कॉलेज. आणि कॉलेजात ठरलेले तास पुरे भरले तरच परवानगी. बाहेर नोकरी केली तर परवानगी गेली. देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत आत घेतीलच असं नाही. हे शेवटचं मला लिहून ठेवायची गरज नव्हती. आप्पांच्या आजारपणात तू तारेने तेच कळवलं होतंस.

तुझं मागचं पत्र काल पुन्हा वाचलं. पदवीनंतर कॉलेजच तुला रंगाच्या कारखान्यात संशोधनाला पाठवणार, आणखी पाच वर्षं परवानगी मिळेल, पासपोर्ट तेवढा वाढून आला की झालं. वाचून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

आप्पांचा माग अजून तसाच उभा आहे. सुईण नागुबाई येते आणि म्हणते, “बाई, इकून टाक की गं. घूस घर करंल त्यात.” मी हो म्हणते.

आक्का


शहापूर,
शनिवार, २० मे १९३९

कल्लू,

तुझं पत्र मागच्या आठवड्यात मिळालं. तू एवढा घाबरून लिहिलेलं मी कधी वाचलं नव्हतं. ‘जन्मगावाबद्दलची चौकशी प्रतिकूल’ असं त्यांनी तुला सांगितलं, म्हणजे नेमकं काय झालं, बेळगावात कोण काय बोललं, हे तू मला विचारलं आहेस.

कचेऱ्यांचं काय सांगावं. एकाचा कागद दुसऱ्याला लागतो. नागुबाईचं तोंड तुला ठाऊकच आहे; म्हातारीने कुठे तरी काही बरळलं असेल. तिला काय आठवतं आणि काय नाही, देव जाणे.

पण मी बसून राहिले नाही. सुट्टी लागल्याबरोबर निपाणीला गेले. मारुतीमामाच्या वखारीत तंबाखूचा असा धुरळा की बोलायच्या आधी दहा शिंका. मामा आता फार थकले. तुझं नाव काढलं तशी काठी टेकत उठले.

“कल्लाप्पाला तितनं हाकलत्यात?”

“हाकलत नाहीत, मामा. कागद अडलाय. तो निपाणीत जन्मला असं कुणीतरी लिहून द्यायला हवं.”

मामांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, “सोनीचा ल्योक निपाणीत न्हाय तर कुठं जन्मणार गं? पोरी बाळंतपणाला म्हायेरालाच येत्यात. तू बी हितंच जन्मलीस, ह्या मागच्या खोलीत. कागद आण, अंगठा न्हाय, सही करतो. चार बुकं शिकलोय मी.”

त्यांना खरं काय ते ठाऊक नाही असं नाही. पण त्यांनी मला विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. मामलेदारांसमोर जाऊन त्यांनी शपथेवर लिहून दिलं की माझ्या बहिणीचा मुलगा माझ्या घरी जन्मला. घरी आल्यावर मामी म्हणाल्या, “आता ह्या वयात खोटं बोलून नरकात जाणार व्हय?” तर मामा म्हणाले, “तितंबी तंबाखू असंल की.” पुष्कळ दिवसांनी मी हसले.

तो कागद घेऊन मी स्वतः बेळगावच्या कचेरीत गेले. कारकुनाने तुझी फाइल काढली, वाचली, मामांचा कागद वाचला, पुन्हा फाइल वाचली. म्हणाला, “हे आधीच्या जबानीशी जुळत नाही.” कुठली जबानी ते मी विचारलं नाही. त्याने कागद ठेवून घेतला, एवढंच.

तू कॉलेज सोडू नकोस. तास चुकवू नकोस. बाहेर काम करू नकोस, कितीही अडचण आली तरी. तूच मला शिकवलेले नियम मी तुला सांगते आहे.

एक विचारू? तू गेलास तो अदलाबदलीच्या जागेवर. इथून एक जाणार, तिथून एक मुंबईच्या कॉलेजात येणार. दोन वर्षांनी तो गोरा मुलगा परत गेल्याचं वर्तमानपत्रात आलं, ते मी आप्पांना वाचून दाखवलं होतं. त्या दिवसापासून ते विचारायचे, “त्यो गेला न्हवं माघारी? मग आमचा का न्हाय आला?” मी सांगायची की कल्लू पुढे शिकतोय. थोड्या वेळाने पुन्हा विचारायचे. विणकराचा माणूस; धोटा एका बाजूने गेला की दुसऱ्या बाजूने येणारच, हे त्यांनी जन्मभर हातांनी पाहिलेलं. त्यांना कसं समजावावं हे मला कधी कळलं नाही.

हे लिहायला नको होतं. पण आता दुसरा कागद घेत नाही.

आक्का


शहापूर,
शनिवार, ९ सप्टेंबर १९३९

कल्लाप्पा,

तुझं पत्र काल आलं. लढाईची बातमी त्याच्या पाच दिवस आधी आली होती. तू लिहितोस की पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला. खोटी माहिती देऊन मिळवलेला, म्हणून वाढवून मिळणार नाही. तो नाही म्हणून जुलैअखेर तिथली परवानगी संपली. परवानगी नाही म्हणून कॉलेजने नाव काढलं. आणि सुट्टीत तू एका खानावळीत भांडी घासलीस हे कुणी तरी परदेशी लोकांवर नजर ठेवणाऱ्या तिथल्या कचेरीला कळवलं, तो आणखी एक गुन्हा झाला. शेवटी एकच वाक्य आहे: ‘आक्का, तू काय सांगितलंस?’

नागुबाईने सत्तावीस वर्षं तोंड उघडलं नाही. उघडलं ते मी.

आधी दुसरं सांगायला हवं, कारण तू वकिलातीत खोटं बोललास असं ते म्हणतात आणि तू बोलला नाहीस. तुला जे ठाऊक होतं ते तू लिहिलंस. ठाऊक करून देणारे आम्ही.

त्या साली शहापुरात प्लेग होता. घरं सोडून सगळी पेठ माळावर झोपड्या घालून राहिली होती. अव्वाचे दिवस भरत आले होते. माहेरी न्यायचं ते तसंही ठरलेलं, त्यात हा रोग. म्हणून आप्पांनी भरमाची गाडी ठरवली आणि अव्वाला घेऊन आम्ही निपाणीला निघालो. मी चौदा वर्षांची. लग्न झालं होतं, सासरी गेले नव्हते. दोन दिवसांनी संकेश्वरला पोचलो, तर निपाणीहून आलेली माणसं भेटली. म्हणाली, निपाणीही उठली. तुमचा मारुती कुठल्या माळावर आहे कुणाला ठाऊक. आप्पांनी गाडीच्या जुवाला हात लावला. मग म्हणाले, “भरमा, फिरीव.”

परत येताना अव्वा बोलत नव्हती. माळावरच्या झोपडीत पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तू झालास. शहापूरच्या माळावर, कल्लू. नागुबाईने तुला काढलं. मी पाणी तापवत होते. नागुबाईने तुला माझ्या हातात दिलं ते अव्वाकडे बघायला हात मोकळे हवेत म्हणून. नंतर तुला परत घ्यायला कुणी उरलं नाही. दिवस वर यायच्या आत अव्वा गेली.

नागुबाई बाहेर येऊन आप्पांना म्हणाली, “पोरगा झालाय. आईला खाऊन आलाय.” ती वाईट बाई नाही. लोक असंच बोलतात. पण आप्पा उठले, आणि मी त्यांना तेवढ्या मोठ्याने बोलताना पुन्हा कधी ऐकलं नाही. “हे तोंडातनं पुन्ना काढायचं न्हाय. ह्यो मोठा हुईल, गल्लीत खेळंल, आन पोरं त्येला ह्येच म्हणत्याल. न्हाय म्हणू द्यायचं. सोनी म्हायेरात बाळंत झाली, म्हैन्यानं पिलेगानं गेली. कुणीबी इचारलं तर निपाणी म्हणायचं.”

लोक माळावरून पांगून परत पेठेत आले तेव्हा प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी गेलेलं होतं. कुणी विचारलंच नाही. आप्पांनी नोंद केली नाही, इथेही नाही आणि निपाणीतही नाही. पुढे ते स्वतःच ते खरं मानायला लागले. पासपोर्टाच्या अर्जावर कारकुनाने जन्मगाव विचारलं तेव्हा त्यांनी निपाणी सांगितलं ते लबाडीने नव्हे. बावीस वर्षांच्या सवयीने. निपाणी इंग्रजांच्या मुलखात आणि शहापूर संस्थानात, त्यामुळे तू एका सहीने कुणाची प्रजा ठरलास, हे त्यांच्या ध्यानातही आलं नसेल.

आता माझं. फेब्रुवारीच्या पत्रात मी लिहिलं होतं, जे सांगायचं ते सांगितलं. फौजदाराने माझ्या बोलण्याआधीच जबानी लिहून आणली होती. ‘जन्मगाव निपाणी, आजोळच्या घरी, मी हजर होते.’ त्याला माझी फक्त सही हवी होती. “सही माडरी बाई,” म्हणाला. टाक माझ्या हातात होता.

मी म्हटलं, “हे खरं नाही.”

तो म्हणाला, “बाई, मी विचारलंय का तुम्हाला?”

“शहापुरात जन्मला. माळावर.”

त्याने चष्मा काढला. “भावाचं बरंवाईट ह्याच्यात आहे, ठाऊक आहे न्हवं? मी चहा पितो. तवर विचार करा.” त्याने बशीत ओतून तो सगळा चहा प्यायला, कल्लू. सावकाश प्यायला. मला तेवढा वेळ होता. नंतर त्याने विचारलं, “काय लिहू?” आणि मी सांगितलं, “शहापूर.” त्याने निपाणीवर रेघ मारली.

सत्य बोलायची मला हौस आली होती असं तुला सांगता आलं असतं. मी शाळेत मुलींना तेच शिकवते. पण तसं नव्हतं. तुझं ते पत्र माझ्या पिशवीत होतं. आणखी पाच वर्षं. त्या पाच वर्षांना मी भ्याले. आप्पा तुझी वाट बघत गेले, तेव्हा तू येऊ शकला नाहीस, तो नियम होता, मी तुला दोष दिला नाही. पण घरी आल्यावर मागाकडे बघून मी मनात म्हणायची, आता हा कधीच येणार नाही; एकेक कागद त्याला पुढे नेईल आणि तो प्रत्येक कागदाच्या पलीकडे जाईल. आणि त्या दिवशी पहिल्यांदा एक कागद माझ्या हातात आला.

मला वाटलं, कागद बिघडला की ते तुला बोटीत बसवतील. बोट मुंबईला येईल. मुंबईहून पुणे, मिरज, बेळगाव. मी टांगा घेऊन स्टेशनवर येईन. एवढंच पाहिलं मी. तिथे राहता येणार नाही आणि पासपोर्टाशिवाय बोटीतही चढता येणार नाही, असं माणसाचं काही होऊ शकतं हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घेतलं नाही, असं म्हण.

अव्वाचं तुला असं कळायला नको होतं. त्यात तुझा काही दोष नव्हता हे मी लिहिते आहे, पण ते लिहायला सत्तावीस वर्षं थांबावं लागलं नसतं तर बरं होतं.

आक्का


शहापूर,
रविवार, ७ जानेवारी १९४०

कल्लू,

‘पत्र पोचलं. आईबद्दल कळवलंस ते कळलं. यापुढे लिहू नकोस.’ तुझ्या तीन ओळी डिसेंबरात आल्या. तुझं म्हणणं मी मोडते आहे. हे पत्र तू वाचलं नाहीस तरी आतला दुसरा कागद तेवढा उघड.

तुझ्या खोलीतल्या त्या पंजाबी सोबत्याचंही पत्र आलं. इंग्रजीत होतं, शब्दकोश घेऊन दोन दिवस वाचलं. तुला बंदरावरच्या इमारतीत अटकेत ठेवलं आहे, खिडकीतून बोटी दिसतात, पण कुठलीच बोट कागदाशिवाय घेत नाही. इंग्रज वकिलात म्हणते हा संस्थानी प्रजा, संस्थानाकडून दाखला आणा. तू जेवत नाहीस असंही त्याने लिहिलं आहे. तो भला मुलगा दिसतो. त्याला सांग, त्याचं अक्षर फार छान आहे.

संस्थानाकडे मी ऑक्टोबरातच अर्ज केला होता. उत्तर आलं: ‘सदर इसमाची जन्मनोंद आढळत नाही.’ आढळेल कशी? आम्हीच केली नाही. नागुबाईला घेऊन गेले. ती संस्थानच्या कचेरीतल्या साहेबांसमोर उभी राहून म्हणाली, “म्या काढलाय त्येला माज्या हातानं, आन तुमी कागुद कसला मागताय?” साहेबांनी विचारलं, “बाई, तुमचं वय काय?” ती म्हणाली, “लई हाय.” साहेब म्हणाले, ह्या साक्षीवर काही होणार नाही. म्हणजे मी जे खरं सांगितलं ते खरं म्हणून चालत नाही, आणि जे खोटं होतं ते मी मोडून टाकलं.

तेव्हा मी बेळगावात एका वकिलांकडे गेले. ते पोलिसांच्या खटल्यांत उभे राहतात, सगळे त्यांना मानतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“बाई, मामांची शपथ फाइलीत आहे. ती तुमच्या जबानीमुळे लटकली. तुमची जबानी नसती तर काम झालं असतं.”

“मग मी ती परत घेते. लिहून देते की मी खोटं बोलले.”

“आणि ते विचारतील, पहिल्यांदा खोटं बोललात की आता? तुम्ही तुरुंगात जाल आणि फाइल तिथंच राहील.”

“जाते.”

“तुम्ही जाल हो. त्याचा भावाला काय उपयोग?” मग ते टाकाचं नीब पुसत राहिले. “एक वाट आहे. साक्षीदाराचं डोकं ठिकाणावर नव्हतं, असं घरच्या जवळच्या माणसाने शपथेवर लिहिलं, तर जबानी बाजूला ठेवतात. मग मामांची शपथ तेवढी राहते. घरात जवळचं कोण आहे?”

“भाऊ.”

“मग बोलावून घ्या त्यांना.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनाच आधी समजलं, आणि ते हसले, आणि मग त्यांना हसल्याचं फार वाईट वाटलं. म्हणाले, तिथेही शपथ घेता येते. वकिलातीतला अधिकारीच घेऊ शकतो. तो इमारतीत येतो म्हणता ना?

आत जो दुसरा कागद आहे तो हाच. मी इंग्रजीतून लिहवून घेतला, वकिलांनी तपासला. खाली तुझं नाव आहे, सहीची जागा मोकळी आहे. मराठीत काय लिहिलं आहे ते सांगते, न वाचता सही करायची तुला सवय नाही.

‘माझी बहीण राजाबाई हिचं डोकं वडिलांच्या मृत्यूपासून ठिकाणावर नाही. ती रिकाम्या मागाशी बोलते. शाळेतून आल्यावर दोन ताटं वाढते. गेलेल्या माणसांना आज आलेलं आणि आलेल्या माणसांना गेलेलं समजते. माझ्या जन्मासंबंधी तिने फेब्रुवारी १९३९ मध्ये दिलेली जबानी भ्रमातून दिलेली आहे, तिच्यावर विश्वास ठेवू नये.’

यातलं काही मी बनवलं. काही बनवावं लागलं नाही.

माझी काळजी करू नकोस. असा कागद झाला की शाळा मला ठेवणार नाही. जयाबाईंशी मी बोलले आहे. त्या रडल्या, मग म्हणाल्या, “पण राजाबाई, तुम्ही वेड्या आहात असं मी कुणाला सांगू? पोरींना पाढे तुमच्याइतके कुणाला येत न्हाईत.” मी म्हटलं, “मग पाढेच तेवढे शाबूत आहेत असं सांगा.” एवढ्यानेही त्या हसल्या नाहीत. पेठेत लोक काय म्हणायचं ते म्हणतील. माझ्यामागे चालत खडे मारतीलही. मला तेवढं सहन होईल. तू त्या खिडकीतून जे बघतो आहेस त्यापुढे ते काहीच नाही. मामा अजून आहेत, पण फार दिवस नाहीत. ते गेले तर शपथेबद्दल पुन्हा विचारलं तर सांगायला कुणी उरणार नाही. म्हणून घाई आहे.

हा कागद मंजूर झाला तर पासपोर्ट वाढेल. वाढला की तिथे राहायचं की बोटीत बसायचं हे तू ठरव. मी त्याबद्दल एक शब्द लिहिणार नाही. मी तुला इकडे ओढायला हे करत नाही. एकदा ओढून बघितलं आहे. पाच वर्षं राहा, दहा राहा, तिथलाच हो. फक्त कुठला तरी हो.

तू सही करणार नाहीस असं मला वाटतं. रागाने नाही केलीस तर ते मला समजेल. पण मला जास्त भीती दुसऱ्याची आहे. तिसरीत मास्तरांनी तुला चुकून दोन गुण जास्त दिले होते, ते परत करायला तू पावसातून त्यांच्या घरी गेला होतास, आणि घरी येऊन मला म्हणालास, “आक्का, आता पोटात दुखायचं थांबलं.” आता तुला ठाऊक आहे की तू निपाणीत जन्मला नाहीस आणि मी वेडी नाही. हे दोन्ही ठाऊक असताना तू शपथ घ्यावीस असं मी मागते आहे, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक करून देणारी मीच.

तरी मागते. कल्लू, तुझी आक्का वेडी आहे असं लिहून दे.

आक्का